‘यंदा नको’ म्हणायचा हक्क

डिसेंबर लागला की नाताळ साजरा करणाऱ्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आता पूर्वीचा नाताळ राहिला नाही.’ हे बोलणारा माणूस बहुतेक वेळा बसलेला असतो. पूर्वीचा नाताळ जिच्या जिवावर उभा होता ती त्या वेळी ओट्यापाशी असते, नाहीतर कुणाला काय द्यायचं याची यादी पुन्हा एकदा तपासत असते. या विषयावर मत द्यायला तिला सवड नसते.

घरातल्या प्रथा टिकवायच्या की सोडायच्या या वादात आपण काळाला दोष देतो, नव्या पिढीला देतो, बाजाराला आणि मोबाइलला तर देतोच देतो. प्रथा चालते कुणाच्या कष्टावर, हे मात्र विचारायचं राहून जातं. ते विचारलं की माझ्या मते निकाल अगदीच अवघड राहत नाही. जो प्रथा निभावतो त्यालाच ती आटोपती घ्यायचा, बदलायचा आणि वेळ पडली तर बंद करायचा पहिला हक्क आहे. इतरांनी हळहळावं, आठवणी काढाव्यात, डोळे पुसावेत. नकाराधिकार मात्र त्यांना नाही.

आधी हा ‘पूर्वीचा नाताळ’ किती पूर्वीचा ते बघू. दिवाणखान्यात सजवलेलं झाड, भोवती आईबाप आणि मुलं, रंगीत कागदात गुंडाळलेल्या भेटी, संध्याकाळी गाणी, हे चित्र सनातन वाटतं. प्रत्यक्षात या रूपात ते फार तर दोनशे वर्षांचं आहे. त्याआधीचा इंग्लंड-अमेरिकेतला नाताळ बराचसा रस्त्यावरचा होता. दारू, मुखवटे, आरडाओरडा. गरिबांची टोळकी श्रीमंतांच्या दारात जाऊन गाणी म्हणत आणि खाणंपिणं मागत. मिळालं तर आशीर्वाद, नाही मिळालं तर शिव्या. लहान मुलांचा सण वगैरे भानगड त्यात नव्हती.

प्युरिटन मंडळींना, म्हणजे इंग्लंडमधल्या कडव्या प्रोटेस्टंटांना, हा धिंगाणा खपत नसे. शिवाय येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच दिलेली नाही, हा त्यांचा आक्षेप तसा बिनतोड होता. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळचा सण रद्दच करून टाकला. त्याच वर्षी कँटरबरीच्या महापौरांनी नाताळच्या दिवशी दुकानं उघडी ठेवायला लावली, तेव्हा लोकांनी ती बंद पाडली आणि गावात दंगल झाली. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला. स्कॉटलंडने १६४० मध्ये नाताळची सुट्टी मोडीत काढली, आणि २५ डिसेंबरला तिथे सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ मध्ये. मधल्या कितीतरी पिढ्यांचा मोठा सण म्हणजे नववर्षाची रात्र. तिथली कुटुंबं त्यामुळे विस्कटली असं काही ऐकिवात नाही.

झाडाची कथा याहून मजेची. मुळात ही जर्मन घरांतली प्रथा. जर्मनीहून आलेल्या राणी शार्लटने १८०० मध्ये विंडसरला मुलांसाठी एक झाड सजवलं होतं. पण सर्वसामान्य इंग्रज घरात झाड शिरलं ते १८४८ नंतर, राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं तेव्हा. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या एका मासिकाने तेच चित्र उचललं. फक्त राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टची मिशी उडवून टाकली. राजघराण्याचं एकदम साधं अमेरिकी कुटुंब झालं, आणि तसलं झाड आपल्याकडेही हवं असं हजारो घरांना वाटू लागलं. आज ज्याला ‘आमच्यात पहिल्यापासून आहे’ म्हणतात, त्यातलं बरंच काही असं मिशी उडवून आलेलं असतं.

भेटींचंही तेच. युरोपात मुलांना भेटी मिळायच्या त्या ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या सणाला. संतांची पूजा मान्य नसलेल्या ल्यूथरपंथीयांनी तो मान बाळ येशूला दिला आणि भेटींचा मुहूर्त नाताळवर आणला. पुढे गंमत अशी झाली की आज दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या कॅथलिक घरांत ‘ख्रिस्टकिंड’, म्हणजे बाळ येशू, भेटी आणतो आणि उत्तरेतल्या प्रोटेस्टंट मुलखात दाढीवाला ‘वाइनाख्ट्समान’. ज्यांनी प्रथा काढली त्यांनी ती सोडली, आणि ज्यांना शह द्यायला काढली त्यांनी ती जिवापाड जपली. डच मुलं अजूनही ५ डिसेंबरच्या संध्याकाळची वाट बघतात, स्पेनमधली ६ जानेवारीची. यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे ठरवायला बसणाऱ्याला माझा नमस्कार.

‘सगळंच कालपरवाचं, तेव्हा काहीही केलं तरी चालेल’ असं मला म्हणायचं नाही. दोनशे वर्षं म्हणजे सात-आठ पिढ्या. माणसाच्या आठवणीला ती पुष्कळ झाली. मला वेगळी गोष्ट दाखवायची आहे. रस्त्यावरच्या नाताळला यजमानीण नव्हती. दंगा टोळक्यांनी घालायचा, खर्च जमीनदाराने करायचा, राबायचं त्याच्या नोकरांनी. एकोणिसाव्या शतकात सण उंबरठ्याच्या आत आला आणि त्याबरोबर एक कायमचं काम घरात आलं. ते कुणाच्या वाट्याला गेलं हे सांगायला नको. घर ही बाईची जागा, असं त्या काळचे मध्यमवर्गीय अभिमानाने म्हणत. तेव्हा घरात आलेला सणही तिच्याच पदरात पडला. पूर्वीचा नाताळ म्हणून आपण ज्याची आठवण काढतो तो या व्यवस्थेचा नाताळ आहे. त्याचा ऊबदारपणा खरा, आणि तो ऊबदार ठेवण्यासाठी कुणीतरी पहाटेपासून उभं होतं हेही खरं.

शुभेच्छापत्रांचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हे सगळं स्वच्छ दिसतं. पहिलं छापील नाताळकार्ड १८४३ मधलं. हेन्री कोल हा लंडनचा उद्योगी सरकारी अधिकारी. पुढे दक्षिण केन्सिंग्टनचं मोठं संग्रहालय उभारण्यात त्याचा पुढाकार होता. नाताळात इतक्या लोकांना हाताने पत्रं लिहायला त्याला वेळ नव्हता. म्हणून त्याने चित्रकार हॉर्स्लीकडून एक चित्र काढून घेतलं, सुमारे हजार प्रती छापल्या, आपल्याला लागतील तेवढ्या ठेवल्या आणि उरलेल्या शिलिंगाला एक या दराने विकायला काढल्या. चित्रात मेजवानीला बसलेलं कुटुंब होतं आणि एका लहान मुलीच्याही ओठाला वाइनचा पेला लावलेला होता, त्यावरून दारूबंदीवाल्यांनी गहजब केला तो वेगळाच. मुद्दा असा की नाताळकार्ड हीच मुळी पळवाट होती. पत्र लिहायचा कंटाळा म्हणून कार्ड आलं. आज त्या कार्डाच्या नावाने गळा काढणारे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चित्राला नाकं मुरडतात, तेव्हा कोलसाहेब कुठेतरी हसत असतील.

एका परिचितांच्या घरी मी नाताळकार्डांची वही पाहिली आहे. पुठ्ठ्याची, लांबट, कडा तेलकट झालेली. डावीकडे नाव-पत्ता, उजवीकडे वर्षांचे रकाने. कार्ड पाठवलं की एक खूण, त्यांच्याकडून आलं की दुसरी. शाई बदलत गेलेली, अक्षर मात्र शेवटपर्यंत एकच. काही नावांवर एक सरळ रेघ आणि पुढे तारीख. काही जोडप्यांच्या नावातलं एकच नाव खोडलेलं. काही पत्ते चार-चार वेळा बदललेले, चिकटपट्टीने नवा कागद डकवलेला. त्या घरातल्या पुरुषाला आपल्या सख्ख्या चुलतभावाचा पत्ता पाठ नव्हता; बायकोच्या वहीत तो होता. त्या बाई गेल्या आणि वहीतल्या खुणा त्या वर्षापाशी थांबल्या. पुढच्या वर्षी येणारी कार्डं अर्ध्यावर आली, मग आणखी कमी. ‘लोक आता पूर्वीसारखे राहिले नाहीत’, असं त्या घरात म्हणतात. लोक होते तसेच आहेत. वही लिहिणारी राहिली नाही.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मिकेला दि लिओनार्दो यांनी १९८७ साली याच विषयावर एक लेख लिहिला. कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की कार्डं, फोन, भेटी, सणाची जेवणं या सगळ्याला आपण प्रेम किंवा आवड म्हणतो, पण ते काम आहे. त्यात नियोजन आहे, हिशेब आहे, कुणाशी संबंध वाढवायचा आणि कुणाशी हळूहळू कमी करायचा याचे निर्णय आहेत. नोकरी आणि घरकाम यांच्या जोडीचं हे तिसरं काम, आणि तेही बहुतांशी बायकाच करतात, नवऱ्याच्या नातेवाइकांसाठीसुद्धा. मला ही मांडणी पटते, कारण तिने ‘हौस’ या शब्दाआड दडलेला घाम उघडा पाडला. हौस असतेच. पण हौसेने केलेलं कामसुद्धा कामच असतं, आणि तीस वर्षांनी त्या हौसेतलं किती उरलंय हे विचारायची पद्धत घरात नसते.

हे काम सोडणं एवढं जड का जातं? सक्ती तर कुणाचीच नसते. समाजशास्त्रज्ञ थिओडोर कॅप्लो यांनी इंडियाना राज्यातल्या मन्सी गावातल्या नाताळचा अभ्यास करून १९८४ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता. भेट गुंडाळलेलीच हवी, झाड हवंच, आईबापांनी मुलांना द्यायचं ते मुलांकडून येतं त्यापेक्षा जास्त हवं, अशा नियमांचं पालन गावभर काटेकोर होत होतं. ते मोडल्याबद्दल शिक्षा नाही, बघायला कुणी अधिकारी नाही, पुष्कळांना तर आपण नियम पाळतोय याची जाणीवही नाही. कॅप्लोंचं स्पष्टीकरण असं की भेटी ही नात्यांची भाषा आहे. नियम मोडला की समोरच्याला नको तो निरोप जातो. म्हणजे भेट दिली नाही तर पैसे वाचले एवढ्यावर भागत नाही, ‘तू माझ्या लेखी कमी झालास’ असा अर्थ निघतो. दमलेल्या बाईला म्हणूनच थांबता येत नाही. ती थांबली तर प्रथा बंद पडली असं कुणी म्हणत नाही. तिची माया आटली असं म्हणतात.

सरकारांना जे सहसा जमलं नाही ते थकवा सहज करतो, हे मला या विषयातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं. इंग्लंडच्या पार्लमेंटने सण बंद केला; १६६० मध्ये राजेशाही परतली तसा सणही परतला. सोव्हिएत राजवटीने नाताळबरोबर झाडालाही धार्मिक थोतांड ठरवलं, आणि १९३५ च्या डिसेंबरात पावेल पोस्तिशेव या नेत्याचं पत्र ‘प्रावदा’ या पक्षाच्या वृत्तपत्रात छापून तेच झाड नववर्षाचं म्हणून मुलांना परत दिलं. क्यूबात १९६९ मध्ये नाताळची सुट्टी गेली ती १९९७ मध्ये, पोप येणार म्हणून, परत आली. वरून आलेल्या हुकमाला लोक दाद देत नाहीत, दार लावून घरात सण करतात. पण घरातली एक बाई म्हणाली, ‘यंदा नको, माझ्याच्याने होत नाही’, की तिथे कुणाचीच मात्रा चालत नाही. कँटरबरीसारखी दंगल करायलाही कुणी नसतं, कारण दंगल करायची म्हणजे आधी उठून कामाला लागायला हवं.

याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला श्रद्धावंतांचा. नाताळ हा प्रभूच्या जन्माचा सण. तो कुटुंबाच्या सोयीने वाढवायचा-घटवायचा घरगुती कार्यक्रम नाही. हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि नेमकं त्यामुळेच घरातल्या पसाऱ्याविषयी मन मोकळं ठेवता येतं. मध्यरात्रीची मिसा म्हणजे चर्चमधली उपासना, नाताळाआधीच्या आगमनकाळाची तयारी, गव्हाणीपुढची प्रार्थना यांची जबाबदारी एकट्या गृहिणीच्या खांद्यावर नाही. ती सगळ्या धर्ममंडळाची आहे. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात गव्हाणीचा देखावा उभा केला, तेव्हा हेतू हाच होता की त्या जन्मातलं दारिद्र्य आणि साधेपणा लोकांना डोळ्यांनी दिसावा. आठ प्रकारचे पदार्थ आणि चाळीस भेटी यांना त्या गोठ्याचा आधार देता येणार नाही. उलट श्रद्धेचा गाभा आणि हौसेचा पसारा ज्या घरात वेगळे ओळखता येतात, तिथे पसारा कमी करताना कुणाला पापाची टोचणी लागत नाही.

दुसरा आक्षेप मुलांच्या नावाने येतो. मुलांना सातत्य लागतं, दरवर्षी तेच घडलं की त्यांना घर घरासारखं वाटतं. हेही खरंच आहे. फक्त मुलांचं ‘दरवर्षी’ किती वर्षांचं असतं हे ज्याने मुलं वाढवली त्याला ठाऊक असतं. एखादी गोष्ट दोनदा घडली की सहा वर्षांच्या मुलासाठी ती कायमची रीत होते. झाडावरचा तारा गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी त्या मुलाने लावला असेल, तर यंदा तो दुसऱ्या कुणी लावणं हा अधर्म. घरातला सगळ्यात कर्मठ सदस्य सगळ्यात लहान असतो. पण याचा अर्थ मुलांना सातत्य देणं स्वस्त आहे. त्यांना पणजीची रीत जशीच्या तशी लागत नाही. त्यांना झेपणारी, हाताला लागणारी एखादी गोष्ट लागते आणि ती पुढच्या वर्षी पुन्हा लागते. मुलांचं नाव पुढे करून जो पसारा चालू राहतो तो बहुधा मोठ्यांना हवा असतो.

नवं काय येईल हे आधीच आखता येत नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये बायबलमधली नऊ वाचनं आणि नाताळगाण्यांची उपासना १९१८ मध्ये सुरू झाली, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना. १९२८ पासून ती रेडिओवर यायला लागली. आज अनेक ब्रिटिश घरांत, त्या उपासनेच्या सुरुवातीला एकट्याने गाणाऱ्या मुलाच्या आवाजाने नाताळ सुरू होतो. प्रार्थनास्थळापासून दूर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही तो घरबसल्या मिळतो. आइसलँडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयात मालाची चणचण होती आणि कागद त्या मानाने मिळत होता, म्हणून लोक एकमेकांना पुस्तकं द्यायला लागले. टंचाई सरली, पुस्तकं राहिली. ही कुणी समिती नेमून ठरवलेली परंपरा नव्हती. जुनं करणं शक्य नव्हतं तेव्हा लोकांनी हाताशी होतं ते घेतलं.

२०२० मध्ये साऱ्या जगाने हा प्रयोग नाइलाजाने केला. प्रवास बंद, प्रार्थनेला मोजकी माणसं, आजी-आजोबा पडद्यावर. तो नाताळ पुष्कळांसाठी दुःखाचा होता, कित्येक घरांत तर शोकाचा, आणि त्याला संधी वगैरे म्हणणं मला असभ्य वाटतं. पण एक गोष्ट त्याने उघड केली. काय चुकलं-चुकलंसं वाटलं आणि काय नव्हतं तर उलट बरं वाटलं, हे घराघराला कळलं. माणसं चुकल्यासारखी वाटली. कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं ही चिंता, न बोलणाऱ्या दोन दिरांना एका खोलीत सांभाळणं, यांची आठवण कुणी काढली नाही. त्या वर्षीचं शहाणपण लिहून ठेवायला हवं होतं. दोन वर्षांत बहुतेकांनी जुना गाडा पुन्हा होता तसा जुंपला.

युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून नाताळची सरकारी सुट्टी, रशियन चर्च पाळतं त्या ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला नेली. युद्धात रशियाशी नातं तोडण्याचा तो एक भाग. कारण राष्ट्रीय होतं, निर्णय संसदेचा होता, पण आजीने आयुष्यभर ६ जानेवारीच्या संध्याकाळी मांडलेलं ताट आता कधी मांडायचं, हा प्रश्न काही संसद सोडवू शकत नाही. तो त्या ताटापाशीच सुटतो. आजी स्वतः म्हणाली ‘डिसेंबरात करू’ तर विषय संपला. आणि ती म्हणाली, ‘माझ्या हयातीत जानेवारीतच’, तर देशभक्त नातवाने ते मानावं असं माझं मत आहे. ताट ती मांडते.

हा हक्क दोन्ही बाजूंनी कापतो, आणि हे राबणाऱ्यांना सांगायला हवं, कारण इथेच गाडं अडतं. वर्षानुवर्षं सगळं एकटीने केलेल्या माणसाला काम वाटून द्यायचं असतं, निर्णय वाटून द्यायचे नसतात. मुलाला झाड लावायला सांगायचं आणि मग मागे उभं राहून ‘तो गोळा तिथे नको, खाली घे’ म्हणायचं. नवऱ्याने कार्डं लिहायला घेतली तर त्याचं अक्षर बरं नाही. सुनेने नवा पदार्थ केला तर ‘छान झालाय, पण आपला तो...’ एवढ्यावरच सोडायचं. दोन वर्षांत ती मंडळी काढता पाय घेतात आणि मग ‘कुणी हातभार लावत नाही’ ही तक्रार पुन्हा सुरू होते. काम सोपवलं म्हणजे ते कसं होईल यावरचा ताबाही गेला. मुलाने दिव्यांची माळ वेडीवाकडी गुंडाळली तर ती महिनाभर तशीच राहू द्यावी. नवऱ्याने वहीतल्या साठ नावांपैकी वीसच ठेवली आणि त्यांना कार्डाऐवजी फोन केले, तर ते वीस फोन हीच त्या घराची रीत. आणि ज्या मुलाने पाच-सहा वर्षं झाड लावलं त्याने एखाद्या वर्षी ‘यंदा झाड नको, तारा पुरे’ असं म्हटलं, तर तो प्रश्न आता त्याच्या अखत्यारीतला आहे, आईच्या नाही.